फुईच्या चित्राखालची अक्षरं

फुईचं चित्र मी काढलं ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावी मी माहेरपणाला गेले होते. लिंबाला बांधलेल्या झोक्यांवरच्या पोरीबाळी ऊन चढल्यावर घरोघरी पांगल्या होत्या आणि फुई मागच्या खोलीच्या दारात गहू निवडत बसली होती.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत सासरच्यांनी तिला परत आणून सोडलं, ते कायमचंच. कुठल्या गावी दिली होती, का सोडली, यावर आमच्या घरात कुणी बोलत नसे. आजोबांनी तिला मागची खोली दिली. आजोबा गेले, पुढे माझे वडील गेले. माझी आई माझ्याकडे जळगावला आली. घर माझ्या चुलतभावाच्या ताब्यात आलं आणि खोलीसकट फुईही त्याच्याकडे आली. ती त्याच्या घरात जेवत होती, पण जेवायला तिला कधी कुणी हाक मारून बोलावलेलं मी ऐकलं नाही. ताट झाकून ठेवलेलं असे आणि ती येऊन घेऊन जाई.

मी जळगावच्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. त्या दुपारी हातात जाड कागदाची वही होती, समोर फुईचा चेहरा होता, म्हणून काढायला बसले. पेन्सिलीनं रेषा उतरवल्या, वर पातळ जलरंग दिला. डोक्यावरचा पदर विटलेला आणि विरळ होता, त्यातून मागे ओढून बांधलेले केस दिसत. ते मला चांगलं साधलं. फुईनं चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं आणि विचारलं, "मनं नाक एवढं मोठं शे का?" मी म्हटलं, हो, तुझं नाक एवढंच आहे. तिनं चित्र ठेवून घेतलं. खाली कोपऱ्यात मी बारीक अक्षरात सही केली होती.

दीड वर्षानं एका लग्नाला गावी गेले तर ते चित्र पुढच्या खोलीत भिंतीवर लावलेलं होतं. काच, लाकडी चौकट, वर झेंडूची माळ. चित्राच्या खाली मी सोडलेल्या कोऱ्या पट्टीवर लाल ऑइलपेंटनं अक्षरं लिहिलेली होती: खरं सांगणारी माय, दर मंगळवारी.

माझी सही त्या अक्षरांच्या उजव्या टोकाशी अजून दिसत होती. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की हे सगळं मीच केलं आहे. कागदावर ऑइलपेंट लावल्यानं तेल फुटून अक्षरांभोवती पिवळसर कडा आली होती आणि 'खरं' या शब्दाखाली कागद खरवडल्यासारखा दिसत होता.

भावाला विचारलं तर तो म्हणाला की लोकांनी लावलं. कुठल्या लोकांनी, ते त्याला सांगता येईना. वहिनीकडून कळलं ते असं. वर्षभरापूर्वी फुईनं एकदा भर बैठकीत म्हटलं होतं की यंदा शिवारातल्या विहिरीचं काम करू नका, कड ढासळेल. कुणी ऐकलं नाही. कड ढासळली. माणसं थोडक्यात वाचली. तेव्हापासून एकेक बाई विचारायला येऊ लागली. हरवलेली गाय, न होणारं मूल, सुरतेला गेलेला नवरा. चित्र लागल्यापासून मंगळवारी पंधरावीस माणसं बसतात.

मला यातलं काही पटलं नाही. मी स्वभावानं संशयी आहे. मेथीची जुडी उलटी करून बघितल्याशिवाय मी घेत नाही, आणि शाळेत पोरीनं चांगलं चित्र दाखवलं की माझ्या तोंडून आधी निघतं, स्वतः काढलंस का? मला पहिला संशय भावाचा आला. तो एकदा सरपंच होऊन गेला होता आणि पुन्हा व्हायचं त्याच्या मनात होतं. दर मंगळवारी पंधरा घरची माणसं आपल्या ओट्यावर यावीत, चहा पिऊन जावीत, हे त्याला नको असेल? आणि म्हातारीला काय, बसव म्हटलं तिथे ती बसणार.

त्याच सुमाराला मी एका परदेशी संग्रहालयाचा ऑनलाइन अभ्यासक्रम धरला होता. शाळेतून आल्यावर मोबाइल टेबलावर उभा करून तासभर बघायचं, वहीत टिपायचं. पाचसाडेपाचशे वर्षांपूर्वी आजच्या बेल्जियम-हॉलंडच्या बाजूला जी धार्मिक चित्रं काढली गेली, त्यांच्याबद्दल तो होता. लाकडी फळ्यांवर तेलरंगाचे पातळ थर देऊन काढलेली ती चित्रं पडद्यावर इतकी मोठी करून बघता येत की टाचणीचं डोकं आणि त्यावर पडलेला खिडकीचा उजेडही दिसायचा. मी त्यात रमले.

त्यातला एक भाग भविष्य सांगणाऱ्या बायांवर होता. सिबिला म्हणत त्यांना. येशूच्या जन्माच्या कितीतरी आधीच्या, वेगळ्याच देवांना मानणाऱ्या या बाया. पुढे चर्चच्या मंडळींनी ठरवलं की यांनी येशूच्या येण्याचं भाकीत केलं होतं, आणि मग त्यांना चर्चमधल्या चित्रांत जागा मिळाली. पुढे ठरवलं, हे शब्द ऐकले आणि माझे कान टवकारले.

एका मोठ्या, दारांसारख्या उघडझाप होणाऱ्या चित्राच्या बाहेरच्या अंगाला, अगदी वर, अशा दोन बाया आहेत. वरची जागा कमानीसारखी अर्धगोल आणि बुटकी, म्हणून दोघींना गुडघे मोडून, मान वाकवून बसवलं आहे. एक वर बघते, दुसरी हात पोटाशी धरून खाली बघते. दोघींची तोंडं मिटलेली आहेत. त्यांच्या डोक्यावरून कागदाची लांब पट्टी तरंगत जाते आणि त्या काय म्हणाल्या ते तिच्यावर लिहिलेलं आहे. शिकवणारी बाई सांगत होती की ते शब्द त्या बायांच्या काळचे नव्हेत, इतरांच्या ग्रंथांतून उचलून पट्टीवर घातलेले आहेत. आणखी एका चित्रात एक सम्राट खिडकीपुढे गुडघे टेकून आकाशात दिसणारी आई आणि मूल बघतो आहे आणि शेजारी उभी असलेली बाई त्याला ते दाखवते आहे. ती तर सरळ त्या शहरातल्या एखाद्या खात्यापित्या घरची सून वाटते.

पण मला खिळवून ठेवलं ते एका लहान चित्रानं. एक तरुण बाई, डोक्यावरून खाली आलेला पारदर्शक पदर, एकमेकांवर ठेवलेले हात, बोटांत अंगठ्या. बोटांची टोकं चौकटीच्या कडेवर टेकल्यासारखी. वरच्या कोपऱ्यात चौकोन आखून तिचं नाव लिहिलं आहे: ती अमुक देशची भविष्य सांगणारी सिबिला. आणि शिकवणारी बाई म्हणाली, हा मजकूर चित्रकाराचा नाही. चित्र झाल्यावर कित्येक वर्षांनी कुणीतरी तो घातला. मुळात ही कुणा घरची साधी बाई असावी, तिनं आपलं चित्र काढून घेतलं. ती कोण, हे आता कुणालाच ठाऊक नाही.

मी व्हिडिओ थांबवला आणि ते चित्र मोठं करून करून बघत राहिले. विरळ पदरातून दिसणारे केस, मागे ओढून बांधलेले. त्या बाईला विचारलं तरी होतं का कुणी? की ती मेल्यावर, घरातल्या एखाद्या पुतण्यानं चित्राला भाव यावा म्हणून रंगाऱ्याला बोलावलं आणि कोपरा भरून घेतला?

दिवाळीच्या सुटीत मुद्दाम मंगळवार धरून गावी गेले. फुई चित्राखाली चटईवर बसली होती. मी कोपऱ्यात बसून सगळं टिपत होते. आलेल्या माणसांना वहिनी ओट्यावर पाणी देई, आणि पाणी देता देता विचारी, कुठून आलात, कोण आजारी आहे. मग ती बाजूच्या दारानं आत स्वयंपाकघरात जाई. स्वयंपाकघराचं दार फुईच्या पाठीशी होतं, मधे पडदा. मला वाटलं, सापडलं. त्या दिवशी पडद्याकडे बघून बघून माझे डोळे दुखले. पडदा हलला दोनदाच, एकदा मांजर आलं आणि एकदा वहिनीनं दळण बाहेर ठेवलं.

फुई फार बोलत नव्हतीच. समोरचं माणूस बोलत राही, ती ऐके आणि शेवटी एखादं वाक्य बोले. दवाखान्यात ने. सासूला विचार. वाट बघू नको. एवढंच. मला ते कुणीही सांगेल असं वाटलं, आणि तरी माणसं डोळे पुसत उठत होती, याचा मला आणखी संशय आला.

मग मी एक गोष्ट केली, तिची अजून लाज वाटते. शाळेतली माझी एक मैत्रीण गणित शिकवते. तिला मी तयार केलं. तिला दोन मुली आहेत, मुलगा नाही. तिनं अनोळखी म्हणून जायचं आणि सांगायचं, माझा मुलगा सुरतेला कामाला गेला, चार महिने फोन नाही. बघू काय म्हणते. घरी वहिनीलाही ती माहीत नव्हती. तिनं एका मंगळवारी रजा टाकली आणि सकाळच्या पॅसेंजरनं गेली.

संध्याकाळी ती माझ्या घरी आली आणि मी दिलेली बाटलीची पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, मी सगळं सांगितलं, रडायचं नाटकसुद्धा केलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या मांडीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुले जिनी धाडं, तिले सांग, सोता येजो." ज्या बाईनं तुला पाठवलं तिला सांग, स्वतः ये. बाकी काही बोलल्याच नाहीत. मैत्रीण म्हणाली, पुन्हा मला असल्या कामाला पाठवू नकोस.

त्यानंतर काही दिवस मीच घाबरले होते. वर्गात फळ्यावर रेघ ओढताना मधेच ते वाक्य आठवायचं.

अक्षरांचा माग मात्र मी सोडला नाही. सुलेखन मी मुलींना शिकवते, वळण ओळखते. चित्राखालच्या 'ख'ची शेपटी खाली जाऊन डावीकडे वळलेली होती. दोंडाईच्याच्या एसटी स्टँडबाहेर एका किराणा दुकानाच्या जुन्या पाटीवर मला तीच शेपटी दिसली. पाटीच्या कोपऱ्यात रंगाऱ्याचं नाव होतं. विचारत विचारत त्याच्याकडे गेले. फ्लेक्स आल्यापासून त्याचं काम बसलं होतं, आता तो गाड्यांचे नंबर रंगवायचा. मी मोबाइलमधला फोटो दाखवला तर त्यानं लगेच ओळखलं.

"म्हातारी बाई होती," तो म्हणाला. "टॉवेलात गुंडाळून आणलं होतं चित्र. एकटीच होती. मी आधी 'भविष्य सांगणारी' लिहिलं. कागद नीट नव्हता, रंग फुटत होता. तरी तिनं ते खरवडायला लावलं. म्हणाली, भविष्य नको, खरं लिही."

मी त्याला दोनदा विचारलं, सोबत कुणी पुरुष नव्हता? सरपंच राहिलेला, उंच, चष्मेवाला? तो म्हणाला, नाही. मलाच ती विचारत होती, एसटी किती वाजता आहे.

स्टँडवर येऊन मी बाकावर बसले. गावची गाडी लागली आणि गेली, मी उठले नाही. इतके दिवस मी भावाला मनातल्या मनात दोषी ठरवून टाकलं होतं. वहिनीला, पडद्याला, मांजराला. फुईवर माझा संशय कधी गेलाच नव्हता, कारण ती काही करू शकेल असंच मला वाटलं नव्हतं. आता तोच संशय तिच्यावर येऊन बसला आणि तो जास्त जड होता.

दुसऱ्या गाडीनं गावी गेले. मंगळवार नव्हता. फुई मागच्या खोलीच्या दारात बसली होती. मी बसले आणि सरळ विचारलं, चित्र दोंडाईच्याला कोण घेऊन गेलं होतं?

"मीच लई गयू," ती म्हणाली. जणू मी रॉकेल कुणी आणलं असं विचारलं होतं.

मी म्हटलं, फुई, हे फसवणं झालं. ती म्हणाली, "साठ वरीस मी हाईच सांगी राहिनू. कोनी आयकं नही. आते लिखेल शे, तं आयकतस."

साठ वर्षं मी हेच सांगत आले, कुणी ऐकलं नाही. आता लिहिलेलं आहे, तर ऐकतात. विहिरीच्या कडेचं तिला कसं कळलं, ते मी विचारलं. ती म्हणाली की लहानपणी त्याच विहिरीवर ती पाणी भरायला जायची, त्या अंगाला तेव्हाही माती सुटायची, पावसात भोक पडायचं. आजोबांनाही तिनं सांगितलं होतं. आजोबा म्हणाले होते, तू तुझं काम कर.

आणि माझी मैत्रीण? तेव्हा मात्र ती हसली. माझ्या मैत्रिणीच्या मांडीवर जी कापडी पिशवी होती, पाण्याची बाटली ठेवायला मीच दिलेली, ती फुईनं शिवलेली होती. जुन्या पडद्याच्या कापडाची. आपला टाका ती ओळखणार नाही?

माझ्या पर्समध्ये त्या चित्रांच्या रंगीत प्रती होत्या, शाळेत दाखवायला काढलेल्या. का कोण जाणे, मी त्या तिच्यापुढे ठेवल्या. कमानीत वाकून बसलेल्या दोघींकडे बघून ती म्हणाली की यांची मान दुखत असेल. पारदर्शक पदराच्या बाईचं चित्र तिनं बराच वेळ हातात धरलं. मी सांगितलं, ही भविष्य सांगणारी, असं वर लिहिलंय, पण ते नंतर कुणीतरी लिहिलंय.

"हाई काहीच सांगत नही," फुई म्हणाली. "तिले बठाडेल शे, ती बठेल शे."

तिला बसवलंय, ती बसलीय. मग तिनं मला विचारलं की हे लिहिल्यावर त्या बाईला काही मिळालं का. मी म्हटलं, ती तेव्हा मेलेली होती. फुई म्हणाली, मग उशीर केला. आणि चित्र परत दिलं.

मी कुणाला काही बोलले नाही. पण मन स्वच्छ झालं नव्हतं. खरं सांगणारी म्हणवून घ्यायचं, आणि तेच स्वतः गुपचूप लिहून आणायचं. पुढे एखाद्यानं तिच्या शब्दावर दवाखान्यात जायचं टाळलं तर? हा विचार मला सोडत नव्हता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी गावी असतानाच ती गोष्ट घडली. गावातल्याच एका घरची मुलगी, बारावी झालेली, तिला स्थळ आलं होतं. स्थळ माझ्या भावानं आणलेलं, त्याच्या ओळखीच्या मोठ्या घरचं. मुलगा शेती बघायचा, घरी ट्रॅक्टर, बोअरला पाणी. मुलाचं पहिलं लग्न मोडलं होतं, पण ते सगळं नीट झालं आहे असं भावानं सांगितलं होतं. बोलणी ठरत आली होती. मुलीच्या आईला तेवढं फुईच्या तोंडून हो ऐकायचं होतं, म्हणून मंगळवारी सगळे आले. मुलगी मागे भिंतीला टेकून उभी होती. भाऊ खुर्चीवर बसला होता, हे औपचारिकच आहे अशा थाटात.

फुईनं सगळं ऐकलं. आईनं मुलाचं गाव सांगितलं तेव्हा तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "तठे पोरगी देऊ नका. ती तठे सुखमा राहावाव नही."

तिथे ती सुखात राहणार नाही. मुलीच्या आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, उठली आणि मुलीला घेऊन बाहेर गेली. बाप भावाकडे बघत राहिला, मग तोही उठला. दोन दिवसांत त्यांनी नकार कळवला.

नकार आला त्या दिवशी भाऊ जेवला नाही. संध्याकाळी त्यानं भिंतीवरचं चित्र काढून पलंगावर टाकलं आणि आम्हा सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं. फुई दारात उभी राहिली. भाऊ म्हणाला की ही अक्षरं या बाईनंच कुणाकडून तरी लिहून आणली, असा त्याला आधीपासून संशय आहे. लोकांनी लावली असं तो आजवर सगळ्यांना सांगत आला, घराची लाज राखली. आता तो गावात जाऊन सांगणार होता की हे सगळं ढोंग आहे, आणि फुईची मागची खोली त्याला कांदा साठवायला हवी होती.

मग तो माझ्याकडे वळला. "ताई, तू शिकेल बाई शे. खरं सांग, हाई कोनी लिखं?"

माझ्यापुढे ते चित्र पडलेलं होतं. काचेला तडा गेला होता. फुईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ती दाराच्या कडीशी चाळा करत होती. मला ती खोटी वाटत होती आणि भाऊही खोटा वाटत होता, आणि कोणाचं खोटं कमी, हे त्या क्षणी मला ठरवता येत नव्हतं. एवढं दिसत होतं की एकाच्या हातात खोली आहे आणि दुसरीच्या हातात दाराची कडी.

"मी लिखं," मी म्हणाले. "खाली सही शे मनी."

भाऊ वाकला. त्यानं सही बघितली, अक्षरं बघितली. ब्रशचा रंग आणि पेन्सिलीची सही यांतला फरक त्याला कळला की नाही, मला माहीत नाही. तो माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत होता, मी जशी मेथीच्या जुडीकडे बघते तसं. मग म्हणाला, शाळेत पोरींना हेच शिकवतेस का? आणि बाहेर गेला.

वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. आखाजीचं बोलावणं आलं नाही. खोली मात्र फुईकडे राहिली. शिकलेल्या बहिणीनं जबाबदारी घेतल्यावर गावात जाऊन काय सांगणार? पुढच्या खोलीतली बैठक बंद झाली. फुई मागच्या दारातच बसू लागली, चित्राशिवाय, आणि तरी मंगळवारी चारपाच बाया यायच्याच.

जळगावला परत आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. मुलाच्या गावाचं नाव ऐकून आई स्वयंपाकाच्या ओट्याला टेकली. तिनं मला विचारलं, तुला खरंच माहीत नव्हतं? ते फुईचं सासर. ज्या घरानं तिला परत आणून सोडलं, हा मुलगा त्याच भावकीतला.

म्हणजे पुन्हा सगळं उलटं झालं. मी ज्या बाईसाठी खोटं बोलले, तिनं साठ वर्षांपूर्वीचा राग एका परक्या पोरीच्या लग्नावर काढला होता का? की त्या घरचं जे तिला ठाऊक होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं? फोन करून मी फुईला विचारलं. ती म्हणाली, ऐकू येत नाही, आणि फोन वहिनीकडे दिला. पुढे कळलं की त्या मुलाचं लग्न अमळनेरकडच्या एका मुलीशी झालं, तिला मूल झालं आणि ती सुखात आहे. निदान असं लोक सांगतात.

गेल्या हिवाळ्यात जळगावहून दोंडाईच्याला जाताना गाडीत समोरच्या बाकावर एक मुलगी बसली होती. मांडीवर नर्सिंगचं जाड पुस्तक. तिनंच मला ओळखलं. मी तिला भिंतीला टेकून उभी असलेली एकदाच बघितली होती. तिनं फुईची चौकशी केली, डोळ्यांचं ऑपरेशन झालं का विचारलं. मी झालं म्हटलं. धरणगाव गेल्यावर तिनं पुस्तक मिटलं.

"ताई, एक सांगू? आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले होते. मागच्या दारानं. मी म्हटलं, मला शिकायचंय, पण घरात माझं कुणी ऐकणार नाही. त्या म्हणाल्या, उद्या काही बोलू नकोस, नुसती उभी राहा."

मी विचारलं, त्या मुलाबद्दल, त्या गावाबद्दल फुई आधी काही बोलली होती? मुलगी म्हणाली, नाही. गावाचं नाव मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांना ते दुसऱ्या दिवशी, सगळ्यांसमोरच कळलं.

नकार तर आदल्या दिवशीच ठरला होता. मग गाव ऐकून फुईनं डोळे मिटले ते कशासाठी, हे मी त्या मुलीला कसं विचारणार? तिला ते दिसलंही नसेल, ती मागे उभी होती. गाडी अमळनेरला शिरत होती. तिनं पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, परीक्षा झाली की मी गावी जाऊन त्यांच्या पाया पडणार आहे. मी म्हटलं, जा. आणि ती उतरल्यावर खिडकीतून बघत राहिले, ती गर्दीतून वाट काढत पुलाकडे गेली, एकदाही मागे न बघता.